चिंचेने उजळलेला रुपया

फार जुनी नव्हे, परवा-परवाचीच गोष्ट. नाणी जमवणाऱ्या दिगंबरपंतांच्या पेटीत दहा रुपयांचं कोरं नाणं आलं. राणीछाप चांदीचा रुपया फणकारला, "तुझ्यासारखी पैशाला पासरी मिळतात! इथे काय काम तुझं?" नाणं ओशाळून कोपऱ्यात बसलं.

प्रदर्शनाच्या सकाळी पंतांनी रुपयाला हौसेने चिंच लावून लखलखीत घासलं. नव्याला मात्र हात लावला नाही.

परीक्षक बाईंनी भिंग धरलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, चिंच लावलीत? शंभर वर्षांत चढलेला रंग धुऊन टाकलात की! त्याचीच तर किंमत असते!" मग त्यांनी दहाचं नाणं उचललं. "हे बघा, टाकसाळीतून निघालं तस्संच! जपायचं ते असं, आजपासून." आणि ते मखमलीवर मधोमध ठेवलं.

"आजोबा, जरा सरकून घ्या," नाणं ऐटीत म्हणालं. "तुम्हीही कधीतरी नवेच होतात."