लोहाराचे दोन भाते

एका गावात एक लोहार होता. त्याची लोहारशाळा चारी बाजूंनी बंद असे. उजेड आला की तापलेल्या लोखंडाचा रंग नीट कळत नाही, असं तो म्हणे. आत धूर कोंडायचा, पण त्याला सवय झाली होती.

दर खंडेनवमीला तो भाता उकलून साफ करी आणि त्याला हळदकुंकू वाही. एका वर्षी भात्याच्या पोटातून ओंजळभर काजळी निघाली. लोहार हळहळला. त्याने भिंतीला भोक पाडलं आणि भात्याचं हवा ओढायचं तोंड बाहेर काढलं.

बायको म्हणाली, "भात्याला मोकळी हवा, आणि धन्याला धूर."

"आपलं पोट भाताच भरतो," लोहार हसला आणि बराच वेळ खोकत राहिला.

पेरणी तोंडावर आली. दारात नांगरांच्या फाळांचा ढीग पडला. लोहाराने भात्याची दोरी चारदा ओढली, पाचव्यांदा हातच उचलेना. छाती शिट्टीसारखी वाजू लागली.

बायकोने बोलावलेल्या वैद्यबुवांनी त्याच्या पाठीला कान लावला. "तुझ्या भात्यात काजळी साचलीय."

"भाता तर साफ आहे, बुवा."

"आतला म्हणतोय मी. नाक हवा गाळतं, तिला ऊब देतं. मग ती श्वासनळीतून उतरते. नळीला दोन फांद्या, त्यांना बारीक बारीक फांद्या, आणि टोकाला द्राक्षाच्या घडासारखे इवले फुगे. तिथे रक्त ताजी हवा घेतं, वापरलेली परत करतं. छातीखाली स्नायूचा पडदा आहे. तो खाली गेला की हवा आत, वर आला की बाहेर."

"याची दोरी कोण ओढतं?"

"कुणीच नाही. तू झोपलास तरी तो चालूच."

लोहाराने छातीवर हात ठेवला. मग हळूच म्हणाला, "उकलून साफ करता येईल?"

"नाही. खोकून खोकून तो स्वतःच साफ व्हायला बघतो. तू निदान धूर तरी थांबव."

लोहाराने भिंत फोडून मोठी खिडकी केली. उजेडात रंग ओळखताना दोन फाळ बिघडले, गिऱ्हाइकं कुरकुरली. पण पावसाळा सरेपर्यंत छातीची शिट्टी थांबली. पहिल्याइतका दम काही आला नाही. आता तो मध्ये मध्ये बसून काम करी.

पुढच्या खंडेनवमीला बायकोने ऐरण, हातोडा, भाता, सगळ्यांना कुंकू लावलं. लोहार खिडकीपाशी उभा राहून नाकाने सावकाश हवा घेत होता. त्याने सदऱ्याची गुंडी काढली.

"इथंही एक बोट लाव," तो म्हणाला. "हा राहिलाच होता."

"मी तर केव्हाचीच सांगत होते," असं म्हणत तिने त्याच्या छातीवर कुंकू टेकवलं.

तात्पर्य: जो न सांगता जन्मभर आपल्यासाठी राबतो, त्याची आठवण तो थकण्याआधी ठेवावी.