ना मोठा, ना लहान, ना बरोबरीचा

कर्णावळचं राज्य चालवायला हैबतराव सरदारांइतका लायक माणूस दुसरा नव्हता, आणि ही गोष्ट सर्वांत आधी हैबतरावांनाच ठाऊक होती. अडचण एकच होती. त्यांना जोडीदार मिळत नव्हता.

कर्णावळात बापामागे मुलगा राजा होत नसे. राजा लोक निवडत. प्रत्येक उमेदवाराच्या नावाचं मडकं चावडीवर मांडायचं आणि ज्याला जो पसंत, त्याच्या मडक्यात सुपारी टाकायची. पण मडक्यावर नावं दोन लागत, एक राजाचं आणि दुसरं उपराजाचं. राजा आजारी पडला, परमुलखात गेला किंवा देवाघरी गेला, तर गादी उपराजाने सांभाळायची. दुसरं नाव नसेल तर मडकंच मांडू देत नसत.

सरदारांच्या दिवाणखान्यात मंडळी नावं सुचवून थकली. कोणी त्यांच्या पुतण्याचं नाव काढलं. सरदार म्हणाले, "मी भरदुपारी रात्र झाली म्हटलं तर तो दिवा लावायला धावेल. माझ्यामागे तो काय राज्य करणार? लहान माणूस नको."

मग एका नामांकित पंडितांचं नाव निघालं. त्यांना सरदारांनी एकदा सभेला बरोबर नेलं होतं. भाषण संपल्यावर लोकांनी हार पंडितांच्या गळ्यात घातला आणि सरदारांना विचारलं, आपण यांचे कोण? तेव्हापासून पंडितांचा विषय बंद होता. शेजारच्या जहागिरीचे सरदार उरले. त्यांची जमीन तेवढीच, फौज तेवढीच आणि हट्टही तेवढाच. एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार?

शेवटी सरदारांनी हुकूम सोडला. "माझ्यापेक्षा मोठा नाही, लहान नाही आणि बरोबरीचाही नाही, असा माणूस शोधा."

मंडळी एकमेकांकडे बघू लागली. तेवढ्यात दाराशी ताकाचे पेले घेऊन उभी असलेली सगुणा फिसकन हसली.

सगुणा ही सरदारांच्या पागेतल्या कृष्णाची बायको. माहेर खाडीकाठचं, त्यामुळे जीभ जरा मोकळी. सरदारांचा पारा चढला. ते म्हणाले, "हसू येतंय ना? मग तूच आण. अमावास्येच्या आत आणला नाहीस, तर नवऱ्याला घेऊन इथून चालू लाग."

कृष्णाने कपाळावर हात मारला आणि बोचकं बांधायला घेतलं. सगुणाने मात्र माहेरची वाट धरली. परतली ती एकटीच. तिने सांगितलं की माणूस सापडलाय, पण सरकारांनी खाडीवर यायला हवं. तो इथे का येत नाही, असं सरदारांनी दरडावून विचारलं. ती म्हणाली, "इथे आणला तर लहान दिसेल, सरकार."

सरदारांना खाडीपट्टीत जायला आवडत नसे. मागे त्यांनी तिथल्या लोकांना पूल बांधून देण्याचा शब्द दिला होता. त्याचा एक खांबही उभा राहिला नव्हता, आणि लोक ते विसरले नव्हते. पण तिथल्या सुपाऱ्यांशिवाय मडकं भरणार नाही, हेही खरं होतं. ते सगुणाला, कृष्णाला आणि घोड्याला घेऊन निघाले.

काठावर सगुणाने हेरलेला माणूस, जानू तांडेल, होडी घेऊन उभा होता. वादळात सापडलेल्या कित्येक होड्या त्याने किनाऱ्याला आणल्या होत्या. खाडीपट्टीत त्याचा शब्द खाली पडत नसे. माणसं चढली, घोडा जानूपासून लांब, पार दुसऱ्या टोकाला बांधला आणि होडी निघाली. मध्यावर वारा उलटला. सरदार सवयीप्रमाणे उभे राहिले आणि वल्हेकऱ्यांना हुकूम देऊ लागले. होडी कलली, पाणी आत आलं.

"खाली बसा, सरदार," जानू म्हणाला. "इथे मधेच उभा राहणारा सगळ्यांना बुडवतो."

सरदारांशी असं कोणी बोललं नव्हतं. ते बसले. वारा पडला तसा जानूने पुलाचं काय झालं ते विचारलं. सरदार कारणं सांगू लागले. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि एकही पटत नसल्याचं सांगितलं. मग म्हणाला, "हे मी तुम्हाला होडीत विचारलं. काठावर लोकांपुढे विचारणार नाही. पण पूल झाला पाहिजे." सरदारांनी पुन्हा शब्द दिला, यावेळी कारणांशिवाय.

पलीकडे माणसं जमली होती. जानू शेजारी दिसला म्हणून त्यांनी सरदारांचं बोलणं ऐकून तरी घेतलं. तिथून पुढच्या गावाला घोड्यावरून जायचं होतं. घोड्याने नुसते कान हलवले आणि भर खाडीत वादळाशी झुंजणारा जानू तांडेल कृष्णाच्या मागे लपला! सरदारांनी स्वतः लगाम धरला, घोड्याला थोपटलं, जानूला हाताने वर चढवलं आणि सावकाश चालवत नेलं. लोक कौतुकाने बघत राहिले.

वाटेत सरदारांनी सगुणाला विचारलं, "आता सांग, हा मोठा की लहान?"

सगुणा म्हणाली, "मोठे म्हणावेत, तर घोड्यावर बसवायला तुम्ही लागलात. लहान म्हणावेत, तर होडीत त्यांनी तुम्हाला खाली बसवलं. आणि बरोबरीचे कसे म्हणू? जे तुम्हाला येतं ते त्यांना येत नाही, त्यांना येतं ते तुम्हाला येत नाही."

सरदारांना ते पटलं. पण हट्ट सहजासहजी सुटतो का? त्यांनी हळूच विचारलं, "आणि उद्या माझी गादी याला आवडली तर?"

"ती त्यांना मिळेल, तेव्हा काळजी करायला तुम्ही कुठे असाल, सरकार?"

कृष्णाने डोळे मिटून घेतले. पण सरदार असे खदखदून हसले की घोडा बुजला आणि भावी उपराजाने त्याच्या मानेला मिठी मारली.

मडक्यावर दोन्ही नावं लागली. खाडीपट्टीतून इतक्या सुपाऱ्या आल्या की मोजणाऱ्यांना ते मधेच रिकामं करून पुन्हा मांडावं लागलं. राजा झाल्यावर हैबतरावांनी आधी खाडीवरचा पूल बांधून दिला, मग कृष्णाला पागेचा मुख्य केलं, आणि सगुणाला खाडीकाठची नारळीची बाग इनाम दिली.