मोरीचा व्रण

बाभळीच्या सालीत कातडी कमावत असत, तेव्हाची ही गोष्ट. जोडे शिवणारा मसाजी एका म्हशीच्या कातड्यात पातळ मेण मुरवत होता. रंग त्याने लावलाच नव्हता.

"मेणा," कातडं कुजबुजलं, "माझ्यावर हा जुना व्रण आहे. तेवढा झाकून टाक ना."

"झाकायचं काम रंगाचं," मेण म्हणालं. "माझं काम आत मुरायचं. पाण्यापासून तुला जपेन, पण दिसशील आहेस तसंच."

कातडं रुसलं. मसाजीने बूट बेतले, तेव्हा तर व्रण नेमका पुढेच आला. "आता मला कोण पायात घालणार?" म्हणून ते रडकुंडीला आलं.

गावाची रीत अशी, की ज्या घरचं जनावर जाई, त्याच घरी त्याच्या कातड्याचा जोड जायचा. सगुणा गवळण आपला जोड न्यायला आली. बूट हातात घेताच तिचा अंगठा व्रणावर थांबला.

"मसाजी, माझी ही मोरी म्हैस लहान पारडी असताना कुंपणाच्या काट्यात अडकली होती. मीच इथे हळद भरली होती रे. मला वाटलं, काळ्या रंगात ती ओळखूच येणार नाही."

"म्हणूनच रंग नाही लावला, आजी."

ती कितीतरी वेळ अंगठा फिरवत राहिली. त्या उबेने मेण मऊ झालं, आणि कातडंही. मग तिने बूट पायात घातले.

"चल गं मोरे, घरी."

आणि कातडं ओळखीच्या वाटेने गोठ्याकडे निघालं.