बालवर्गातली ओल

“पण भर मे महिन्यात ही ओल येते कुठून, बाबा?”

केतकी सरपोतदार फकीर लतीफशांना विचारत होत्या. नव्या शाळेचं आवार त्यांनीच आखलं होतं. पावसाचं पाणी गटारात न जाता हिरवळीच्या उथळ चरांतून वाहील, वाळ्याच्या मुळांत गाळलं जाईल, कमळांच्या तळ्यात मुरेल. अशी अकरा आवारं त्यांनी आजवर आखली होती.

लतीफशा चाळीस वर्षं शेजारच्या टेकडीवर, दर्ग्यात राहत होते.

“इथे ओढा होता,” ते म्हणाले.

“होता. साठ पावलं सरकवला मी. त्यातलेच गोटे तळ्याकाठी मांडलेत. छान दिसतात की नाही?”

“दिसतात खरे.”

सरकारी नकाशावरूनही ओढा पुसला गेला होता. कुणाच्या सहीने, हे सांगायला कचेरीतला एकही माणूस तयार नव्हता.

“चप्पल काढ, बेटी. डोळे मीट. पायाला गार लागेल तिकडे चाल.”

“बाबा, मी इंजिनिअरांना शिकवते.”

“मग तुला अवघड जाईल. तरी चाल.”

बाई हसल्या. चालू लागल्या.

माती तापलेली होती. मग एकाएकी गार. तो गार पट्टा तळ्याकडे पाठ करून वळत गेला. तळव्याखाली काहीतरी सरकल्यासारखं वाटलं... दोनदा.

कपाळ भिंतीला टेकलं.

त्यांनी डोळे उघडले. बालवर्गाची खोली. बाहेरच्या भिंतीवर रंगवलेला ससा. सशाच्या पोटापर्यंत ओल.

“काल पायांपर्यंतच होती,” त्या हळूच म्हणाल्या.

लतीफशांनी ओलीवर तळवा टेकवला.

“आवार सुरक्षित आहे, अशा दाखल्यावर उद्या सही करायची आहे मला. जूनमध्ये साठ मुलं इथे बसतील. सांगा ना, काय करू?”

लतीफशा दाराशी गेले. परक्या घराच्या उंबऱ्यावर थांबावं तसे थांबले. खाकरले.

“येऊ का आत?”

...

फरशीखाली कुणीतरी घोट घेतल्यासारखा आवाज झाला. मग आणखी एक, दाराच्या जवळ.

केतकीबाईंनी पाऊल मागे घेतलं.

“ऐकलंस?” लतीफशांनी विचारलं.

“खोली रिकामी आहे, बाबा,” बाई कशाबशा म्हणाल्या.

“मग कर सही.”