खोडलेला अर्धा दिवस

एका डोंगराळ मुलखात पाच गावांमध्ये पाच रक्तपेढ्या होत्या. प्रत्येकीचा संगणक वेगळा आणि नोंदी ठेवण्याची रीतही वेगळी. एकीकडे काय आहे ते दुसरीला ठाऊक नसे. एखाद्या रुग्णाला दुर्मीळ गटाचं रक्त लागलं की दवाखान्यातली नर्स एकामागून एक पाचही ठिकाणी फोन लावी. त्यात पाऊण तास जाई, पण रक्त कुठं असलंच तर ते सापडे.

पुढं वरच्या कार्यालयानं ठरवलं की या पाच पेढ्यांच्या नोंदी एकत्र जोडायच्या. कोणत्याही दवाखान्यात बसून संगणकावर पाहिलं की पाचही ठिकाणचा साठा दिसला पाहिजे. हे काम हेरंब धारप नावाच्या अभियंत्याकडं आलं. हेरंब हुशार होता आणि कष्टाळूही. पाच तऱ्हेच्या नोंदी दुरून जुळणार नाहीत, हे त्याला पहिल्या दिवशीच कळलं. त्यानं पाचही पेढ्यांच्या माणसांची तीन दिवसांची कार्यशाळा आखली. पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपण काय आणि कसं लिहितो ते सांगायचं. दुसऱ्या दिवशी जोडणी करायची. तिसऱ्या दिवशी सकाळी, जेवणापर्यंत, खऱ्या नोंदींवर चाचणी घ्यायची. प्रत्येकानं आपल्या पेढीतल्या पिशव्यांची यादी आणायची आणि ती नव्या पडद्यावर दिसते का, हे एकेक पिशवी घेऊन पाहायचं. दुपारनंतर निरोप.

आखणी चांगली होती. हेरंबनं ती पाचही ठिकाणी पाठवली आणि काही अडचण असेल तर कळवा, असं लिहिलं. चार पेढ्यांनी 'अडचण नाही' म्हणून उत्तर दिलं. पाचवी पेढी सगळ्यांत लहान, घाटाच्या तोंडाशी असलेली. तिथं गिरिजा वाघधरे नावाच्या तंत्रज्ञ एकट्या काम करत. त्यांनी हातानं लिहिलेलं पत्र पाठवलं. आमच्या जुन्या संगणकात गट पॉझिटिव्ह असेल तर चौकटीत खूण करतात आणि निगेटिव्ह असेल तर चौकट कोरी सोडतात, असं त्यांनी कळवलं होतं. इतरांकडं कोऱ्या चौकटीचा अर्थ काय होतो ते मला माहीत नाही, तेवढं समोर बसून पाहायला हवं, अशी त्यांची विनंती होती. हेरंबनं पत्र वाचलं आणि चाचणीच्या दिवशी हे आधी घ्यायचं, अशी टीप त्यावर लिहिली.

कार्यशाळेला आठवडा राहिला असताना वरच्या कार्यालयातल्या मोठ्या साहेबांनी त्याला बोलावलं. राजधानीतून पाहुणे येणार होते. त्यांच्या हस्ते उद्घाटन व्हायचं होतं आणि नवी व्यवस्था त्यांना पडद्यावर चालवून दाखवायची होती. पाहुण्यांना तिसराच दिवस सोयीचा होता. त्यांना दुपारी परतायचं होतं, म्हणून सकाळ मोकळी हवी होती. साहेब म्हणाले, कार्यक्रम नीट पार पडला तर पुढं अशाच जोडणीचं सबंध विभागाचं काम तुझ्याकडं येईल.

हेरंबनं आखणीचा कागद समोर घेतला. कार्यशाळा चार दिवसांनी पुढं ढकला, असं तो म्हणू शकत होता. आधी चाचणी, मग उद्घाटन, असंही म्हणू शकत होता. साहेब रागावले असते, एवढंच. त्यानं विचार केला की भाषण खोडलं तर सगळ्यांना दिसेल आणि चाचणी खोडली तर कुणालाच दिसणार नाही. मग त्यानं चाचणीवर आडवी रेघ मारली. समोरच्या रकान्यात लिहिलं, नंतर पाहू.

पाहुण्यांसमोर खऱ्या नोंदी दाखवणं धोक्याचं होतं. म्हणून हेरंबनं शंभर पिशव्यांची नमुन्याची यादी स्वतः बनवली. तिच्यात प्रत्येक चौकट नीट भरलेली होती. तिसऱ्या दिवशी पाहुण्यांनी एक गट सांगितला, हेरंबनं बटण दाबलं आणि कोणत्या गावात किती पिशव्या आहेत ते क्षणात पडद्यावर आलं. सभागृहात टाळ्या वाजल्या. चहाच्या वेळी गिरिजाताई त्याच्याजवळ आल्या.

"धारप साहेब, माझ्या पत्राचं काय झालं?"

"ताई, पत्र माझ्याकडं आहे. हे सगळं आटोपलं की बसू आपण."

त्या आणखी काही बोलणार होत्या. पण तेवढ्यात छायाचित्र काढायला सगळ्यांना व्यासपीठाजवळ बोलावलं आणि हेरंब तिकडं गेला.

दुसऱ्याच आठवड्यात सगळ्या दवाखान्यांना लेखी सूचना गेली की आता रक्तासाठी फोन करू नयेत, पडद्यावर पाहावं. नर्सांना बरंच वाटलं, त्यांचे कष्ट वाचले. गिरिजाताईंनी हेरंबला दोनदा फोन केला. एकदा तो बैठकीत होता. दुसऱ्यांदा त्यानं पुढच्या महिन्यात येतो म्हणून सांगितलं. तोवर त्याला दुसऱ्या जिल्ह्यातलं काम मिळालं होतं.

अकरा आठवडे गेले. एका मंगळवारी दुपारी एक वाजता सगुणा भोईर नावाची बाई त्याच मुलखातल्या एका दवाखान्यात बाळंत झाली. बाळ नीट होतं, पण तिचा रक्तस्राव थांबेना. तिचा गट ओ निगेटिव्ह होता. नर्सनं पडद्यावर पाहिलं. पाचही पेढ्यांपुढं शून्य होतं. तिनं पुन्हा पाहिलं, पुन्हा शून्य. डॉक्टरांनी रक्तस्राव थांबवण्याची धडपड चालू ठेवली आणि मोठ्या शहरातून रक्त मागवलं. शहर तीन तासांवर होतं. सगुणाचा नवरा विश्राम सायकली दुरुस्त करायचा. तो दाराशी उभा राहून येणाऱ्या जाणाऱ्याला विचारत होता, गाडी कुठवर आली. गाडी चार वाजून वीस मिनिटांनी आली. सगुणा साडेतीनला गेली होती.

दुसऱ्या दिवशी ही बातमी घाटाच्या तोंडाशी पोहोचली. गिरिजाताईंनी गट ऐकला आणि त्या शीतपेटीकडं गेल्या. ओ निगेटिव्हच्या दोन पिशव्या तिथं होत्या. त्या सोमवारपासून तिथंच होत्या. त्यांच्यापुढची चौकट नेहमीसारखी कोरी होती. नव्या व्यवस्थेनं कोऱ्या चौकटीचा अर्थ 'तपासणी व्हायची आहे' असा घेतला होता, आणि न तपासलेलं रक्त ती कुणालाच दाखवत नव्हती. अकरा आठवडे त्या पेढीतलं एकही निगेटिव्ह रक्त कुणाला दिसलं नव्हतं.

चौकशी बसली. साहेबांनी हेरंबला आधीच सांगून ठेवलं की चौकट कोरी ठेवणारी ती बाई आहे आणि कागदावर चूक तिचीच दिसते. तू फक्त गप्प राहा, म्हणाले. हेरंब दोन दिवस गप्प राहिला. त्या दोन दिवसांत गिरिजाताईंना कामावरून दूर केल्याचा कागदही तयार झाला. तिसऱ्या दिवशी समितीसमोर बसल्यावर मात्र हेरंबनं फाइल उघडली, ते हातानं लिहिलेलं पत्र बाहेर काढलं आणि शेजारी आखणीचा कागद ठेवला.

"यांनी आधी कळवलं होतं. चाचणी ठरली होती. ती मी खोडली."

मागच्या बाकावर विश्राम बसला होता. तो उठून उभा राहिला.

"साहेब, मला एवढंच सांगा. रक्त नव्हतं का?"

"होतं," हेरंब म्हणाला.

"किती लांब?"

"सव्वीस किलोमीटर."

विश्राम खाली बसला. हेरंबला वाटलं होतं की तो अंगावर येईल, ओरडेल. तसं झालं असतं तर ते सोसायला सोपं गेलं असतं.

गिरिजाताईंची नोकरी टिकली. हेरंबची गेली. साहेबांची बदली झाली. जाण्याआधी हेरंबनं एकच मागणी केली, राहिलेला तो अर्धा दिवस मला घेऊ द्या. त्याला परवानगी मिळाली.

या वेळी पाहुणे नव्हते आणि व्यासपीठही नव्हतं. चौकशीपासून दवाखाने पुन्हा फोन करत होते, व्यवस्था दुरुस्त न करता तशीच ठेवली होती आणि नेमकी चूक काय ते बाकीच्या चार पेढ्यांना अजून कळवलं नव्हतं. पाच पेढ्यांची पाच माणसं एका लांब टेबलाभोवती आपापल्या याद्या घेऊन बसली. सकाळी साडेनऊला काम सुरू झालं. प्रत्येकानं आपली एक पिशवी वाचायची आणि बाकीच्यांनी ती पडद्यावर शोधायची. गिरिजाताईंची पाळी आली. त्यांनी एका निगेटिव्ह पिशवीचा क्रमांक वाचला. चौघांनी शोधला. कुणालाच सापडला नाही. एकानं विचारलं, चौकटीत काय लिहिलंय? त्या म्हणाल्या, काही नाही, आम्ही ती कोरी ठेवतो. सगळ्यांनी वर पाहिलं.

हेरंबनं घड्याळाकडं पाहिलं. नऊ वाजून पंचावन्न मिनिटं झाली होती. चूक सापडायला पंचवीस मिनिटं लागली होती.

हेरंबनं चूक कागदावर लिहून घेतली आणि पुढच्या माणसाला यादी वाचायला सांगितली. जेवणाच्या वेळेपर्यंत आणखी तीन चुका सापडल्या आणि त्याच दिवशी दुरुस्तही झाल्या.

तात्पर्य: काम खरंच चालतं का, हे तपासण्याचा वेळ शोभेसाठी देऊ नये. खोडणाऱ्याला ती कागदावरची एक रेघ वाटते. तिची किंमत मात्र त्यानं कधी पाहिलेलंही नसतं अशा माणसाला मोजावी लागते, आणि नंतर सांगितलेलं खरं त्या माणसाला परत आणत नाही.