यादीबाहेरचा शब्द

“…बारा हजार?”

“बारा हजार चारशे, फादर. अर्थासकट.”

फादर इनास घोन्साल्विस ओट्यावर बसून वाल सोलत होते. सेमिनरीत चाळीस वर्षं लॅटिन आणि ग्रीक शिकवून ते वसईजवळच्या या गावी, चर्चमागच्या छोट्या घरात येऊन राहिले होते.

समोर वैजनाथ शेटकार बसला होता. उदगीरचा. वय सव्वीस. मांडीवर सहा जाडजूड वह्या.

“मग माझ्याकडे कशाला आलास?”

“बँकेच्या परीक्षेत दोनदा राहिलो. दोन्ही वेळा इंग्रजीच्या पेपरात. घरचे म्हणतात, आता शेवटची संधी.” त्याने वह्यांवर हात ठेवला. “एवढं पाठ आहे माझं, पण पेपरात नेमके माझ्या यादीबाहेरचे शब्द येतात. ते कोणते, तेवढं तुम्ही सांगा.”

फादर हसले नाहीत.

“यादीबाहेरचे…” ते पुटपुटले, आणि दुसरी शेंग उचलली.

तेवढ्यात फाटक वाजलं. शेजारच्या वाडीतली कतरीनबाय आत आली. हातात तपासणीचा कागद. नवऱ्याच्या, पास्कूच्या पोटात महिनाभर दुखत होतं. काल सोनोग्राफी झाली होती. डॉक्टर बाहेरगावी गेले होते, सोमवारी येणार होते. आज शुक्रवार.

“फादर, एवढं वाचा हो. मुलगी बोलली, नेट लागत नाही. मला तर शेवटचा शब्द बघूनच धडकी भरली. एवढं लांब नाव… म्हणजे मोठंच काहीतरी असणार ना?”

तिने डोळ्यांना पदर लावला. दोन रात्री झोपली नसावी.

फादरांनी कागद घेतला. वाचला. मग तो वैजनाथपुढे धरला.

“तू वाच. बारा हजार आहेत तुझ्याकडे.”

वैजनाथने शब्द पाहिला. ओठ हलवून जुळवला. कोलेलिथायसिस.

“हा… हा नाही माझ्या यादीत.”

“मीही हा शब्द आजच पाहतोय,” फादर म्हणाले.

कतरीनबाय दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघू लागली.

“बस, कतरीन. घाबरू नकोस.” फादर वैजनाथकडे वळले. “मोनोलिथ म्हणजे काय?”

“एकाच दगडातून कोरलेला खांब.” उत्तर तयारच होतं. “दुसरी वही.”

“लिथोग्राफ?”

“दगडावरून केलेली छपाई. शिळाछाप. तीपण दुसरीच वही.”

“निओलिथिक?”

“नवाश्मयुगातला. माणूस दगडाची हत्यारं घासून…”

तो थांबला.

फादरांनी वर पाहिलं. शेंगा बाजूला ठेवून ते नुसते बघत राहिले.

“दगड,” वैजनाथ म्हणाला. “तिन्हींत दगड आहे… लिथ.”

त्याने पुन्हा कागद पाहिला. मघाशी भिंतीसारखा वाटणारा शब्द मधूनच उघडला होता. कोले… लिथ…

“पण मी हे तिन्ही पाठ केलेत, फादर! दोन वर्षांपूर्वी. वेगवेगळे.”

“पुढं बघ.”

“कोले नाही येत मला.”

“मेलँकली येतो?”

“खिन्नता. उदासी.”

“तो शब्द ज्यांनी घडवला, ते ग्रीक वैद्य मानत की अंगात काळं पित्त साठलं की माणूस खिन्न होतो. मेलान म्हणजे काळं.”

“आणि कोले…”

वैजनाथला पुढचं सांगावं लागलं नाही. त्याने कागदावरच्या शब्दाच्या पहिल्या तुकड्यावर बोट ठेवलं.

“आणि शेवटचं, फादर? ते आयसिस?”

“ती शेपटी. असं काही झालंय, एवढंच ती सांगते.”

वैजनाथ कतरीनबायकडे वळला. आपल्याला माहीत असलेला शब्द आजवर त्याने कोणाला सांगितला नव्हता. फक्त पेपरात लिहिला होता. आता तो म्हणाला,

“मावशी… पित्ताचे खडे आहेत.”

“खडे?”

“खडेच. एवढाच त्याचा अर्थ आहे.”

“पित्ताचे खडे…” तिने दोनदा म्हणून पाहिलं. मग ती ओट्याच्या कडेला टेकली. “माझ्या नणंदेला होते ते! काढले गेल्या साली. आता बघा, दिवसभर वाडीत राबते.” ती हसू लागली, आणि हसताहसता रडू लागली. “मला वाटलं, संपलंच सगळं.”

“सोमवारी डॉक्टरांकडे जायचंच हां,” फादर म्हणाले. “पोटात फार दुखलं, ताप आला, तर सोमवारचीही वाट बघायची नाही. आम्ही नुसता शब्द वाचला. माणूस ते वाचतील.”

“जाणार, जाणार.” तिने कागदाची घडी घातली, वैजनाथच्या डोक्यावरून हात फिरवला आणि नवऱ्याला सांगायला जवळजवळ पळतच गेली.

फाटक हलत राहिलं.

फादरांनी शेंगा पुन्हा पुढे ओढल्या.

मग वैजनाथने घाईघाईने पहिली वही उघडली. पेनचं टोपण काढलं.

“फादर, शब्दांची अशी मुळं एकूण किती? मला यादी द्या. पंधरा दिवसांत पाठ करतो.”

फादरांनी हात पुढे करून वही मिटली.

“एकही देणार नाही.”

“का?”

“तू मघाशी निओलिथिकचा अर्थ काय सांगितलास?”

“नवाश्म… नवा अश्म. नवा दगड.”

“मग निओ म्हणजे?”

“निओ म्हणजे… नव.”

त्याने फादरांकडे पाहिलं.

“निओ. नव.” वैजनाथ सावकाश म्हणाला. “आवाज तर… फादर, हा योगायोग आहे?”

“बघ तूच.”

त्याने मिटलेली वही पुन्हा उघडली. पण आता तो लिहीत नव्हता. जिथे उघडेल तिथे बोट ठेवत होता.

“डेंटल… दंत.”

पान उलटलं.

“मॉर्टल… मृत.”

“पेडल… पद.” त्याचा आवाज खाली गेला. “इग्निशन… इग्नि… अग्नी? फादर, अग्नी?”

फादरांनी मान हलवली.

“रोज मोटारसायकल चालू करतो मी. रोज!” तो उठून उभाच राहिला. वह्या मांडीवरून घसरून खाली पडल्या. त्याने त्या उचलल्या नाहीत. “नॉमिनल… नाम. सप्टेंबर… सप्त. हे तर माझी आई बोलते. शाळेत गेली नाही ती कधी. नवं लुगडं म्हणते, दात दुखतो म्हणते…”

ओट्यावर ऊन आलं होतं. केळीच्या बागेतून कोणीतरी कोणाला हाक मारत होतं. वैजनाथला ती हाकही आज वेगळीच ऐकू आली.

“ग्रीक-लॅटिनवाल्यांनी हे आपल्याकडून नेलं का, फादर?”

“नाही.”

“मग आपण त्यांच्याकडून आणलं?”

“नाही. दोघांची आई एक.”

“कोण आई?”

“एक भाषा. फार फार जुनी.”

“तिचं नाव काय होतं?”

“माहीत नाही. आता लोक आपापल्या परीने तिला नाव देतात.”

“कुठली ती?”

“त्यावरून विद्वान अजून भांडतात.”

“तिच्यात लिहिलेलं काहीतरी असेल. एखादा शिलालेख…”

“एक अक्षर नाही.”

वैजनाथ खाली बसला. अंगावर काटा आला होता त्याच्या. तो हातावरून हात फिरवत राहिला. शेवटी अगदी हळू म्हणाला,

“नाव नाही. गाव नाही. लिहिलेलं अक्षर नाही. ती जिवंत असताना तिला ऐकलेलं आज कोणी नाही. मग फादर… ती होती, हे तरी कशावरून म्हणायचं?”

फादरांनी डोळे मिटले. मान जराशी त्याच्या दिशेने कलती केली.

“बोलत राहा…” ते म्हणाले. “तुझ्या तोंडून ती ऐकू येतेय.”