पलीकडचं विरजण

गोधडी ओढू नका रे. दोघंही गप पडा, मग सांगते.

एका गावाच्या मधून ओढा जायचा. अलीकडे वरवाडी, पलीकडे खालवाडी. ओढ्यात राहायच्या साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. गाव वसलं तेव्हा त्यांनी गावाला वाटीभर विरजण दिलं आणि सांगितलं, "मागेल त्याला द्यायचं. द्यायचं थांबलं, की आमची वाटी परत." मग काय, या घरचं विरजण त्या घरी, त्या घरचं या घरी. कुणाला ताक कमी नाही.

मग एकदा काय झालं, पोळ्याला मानाचा बैल कुणाचा यावरून दोन्ही वाड्या भांडल्या. बैल बाजूला रवंथ करत उभे आणि माणसांनी काठ्या काढल्या. बैलांना जास्त अक्कल, बरं का. त्या मारामारीत खालवाडीच्या भिवराचा एकुलता एक मुलगा गेला, सुभाना. वरवाडीचे म्हणाले, "पाय घसरून दगडावर पडला." दुसऱ्या दिवशी वरवाडीच्या कडब्याच्या गंज्या पेटल्या. शेजारच्या गोठ्यातली वासरंही जळाली. खालवाडीचे म्हणाले, "वीज पडली." आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

झालं. जाणं-येणं बंद, देणं-घेणं बंद. चुलीला विस्तवसुद्धा पलीकडून मागायचा नाही. आणि त्या दिवसापासून गावात दुधाचं दही लागेना. नासायचंही नाही आणि लागायचंही नाही. परगावचं ताक वेशीतच नासायचं, आणि विरजण आणून पाहिलं, तरी दूध ते दूधच. अशी बारा वर्षं गेली.

वरवाडीत ठकू नावाची म्हातारी होती. तिचा नातू आजारी पडला. पोटात काही ठरेना. वैद्य म्हणाला, "ताकभात द्या, नाहीतर पोर हाती लागायचं नाही." ताक आणायचं कुठून? ठकू ओढ्याकाठी बसून रडली. मग पाण्यातून आसरा बोलल्या, "विरजण एकाच घरी आहे. भिवराच्या. जा, माग."

भिवराचं दार म्हणजे सुभानाच्या आईचं दार. पण गेली. रिकामी वाटी घेऊन ओढा ओलांडला.

"भिवरा, इरजण दे गं."

भिवरानं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ठकू दुभती गाय घेऊन गेली. "ही ठेव, पन वाटीभर दे."

"गाय हाय माज्याकडं," भिवरा म्हणाली. "ल्योक न्हाई." आणि दार लावलं.

तिसऱ्या दिवशी नातू डोळे उघडेना. आपण काय द्यायचं राहिलंय, ते ठकूला ठाऊक होतं. ते दिलं तर तिच्या मुलाला, राणूला, पंच गावाबाहेर घालतील. नाही दिलं तर राणूचं पोर जाईल. बिचारी रस्ताभर रडली. मग भिवराच्या दारात उभी राहून म्हणाली,

"तुजा सुभाना घसरला न्हाई. माज्या राणूनं काठी घातली. ती काठी म्या माळ्यावर लपवली नि बारा वर्सं खोटं बोलले."

भिवरा उंबऱ्याशी बसली.  मग म्हणाली, "गंज्या म्या पेटवल्या. वासरं वरडत व्हती. म्या ऐकत हुबी ऱ्हायले."

मग दोघी रडल्या. गळ्यात गळा घालून नाही हो. एक उंबऱ्याच्या आत, एक बाहेर.

मग भिवरा उठली. फडताळातून तिनं एक फडकं काढलं. सुभाना गेला त्या दिवशी तिनं त्याच्यासाठी लावलेलं दही तसंच राहिलं होतं. ते तिनं या फडक्यात बांधून ठेवलं होतं. बारा वर्षं झाली, तरी फडकं ओलंच! तिनं ते ठकूच्या वाटीत पिळलं. माफ केलं, असं ती काही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "सावकाश जा. सांडंल."

मग बारा वर्षांनी दही लागलं. घट्ट, चमचा उभा राहील असं. नातवाच्या पोटात ताकभात ठरला. आठ दिवसांत पोर ओढ्यात दगड मारायला लागलं.

मग ठकूचं बोलणं गावभर झालं आणि पंच बसले. "राणूला गावाबाहेर घाला," म्हणाले.

भिवरा म्हणाली, "त्याला भाईर घालून मला काय मिळनार? माजं श्यात कोन नांगरनार?"

मग राणू स्वतः ती काठी घेऊन तिच्या दारी गेला. भिवरानं काठी चुलीत घातली आणि त्या जाळावर दूध तापवलं. तिचं शेत राणूनंच नांगरलं, ती होती तोवर.

पोळ्याला अजून भांडतात हो तिथं. पण तोंडानं. आणि त्या गावात अजून कुणी घरचं विरजण लावत नाही. घरात हंडाभर दही असलं, तरी वाटी घेऊन ओढ्यापलीकडे जायचं आणि मागून आणायचं. असे सगळे ताकभात खाऊन सुखानं राहिले.

हं. आता ती गोधडी सारखी करा बघू. आणि आधी कुणी ओढली होती?

तू?

शहाणं माझं बाळ. झोपा आता.